‘बोटीला लागून गाडी’ : मांडवा–अलिबाग जोडवाहतुकीतील शब्दविचार

मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियापासून रायगड किनाऱ्यावरील मांडवा बंदरापर्यंतचे सागरी अंतर २० किलोमीटरांच्या आतबाहेर आहे. तेथून अलिबागपर्यंत सडकेने आणखी तितकेच जावे लागते. याउलट पनवेल, पेण, वडखळ या मार्गाने मुंबईहून अलिबागेस यावयाचे तर सुमारे १०० किलोमीटरांचा वळसा पडतो. या तफावतीतून एक वाहतूकव्यवस्था उभी राहिली. मुंबईतील कार्यालयांपासून गेटवेपर्यंत बेस्टची बस, गेटवेपासून मांडव्यापर्यंत बोट आणि मांडव्याच्या जेटीवर ती बोट येण्याची वाट पाहत उभी असलेली अलिबागची बस अशी तिची तीन अंगे आहेत. खासगी कंपन्यांच्या बोटीच्या तिकिटातच पुढील बसचा प्रवास धरलेला असण्याची पद्धत या मार्गावर रूढ आहे. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारगाड्यांसह माणसे नेणारी रो-रो सेवा सुरू झाली, तेव्हा या साखळीत आणखी एक दुवा आला.

ही व्यवस्था अर्थशास्त्राच्या वा भूगोलाच्या अभ्यासकाचा विषय होय, असे कोणी म्हणेल. परंतु दोन वाहने, दोन वेळापत्रके आणि अनेक बोली जेथे एकत्र येतात तेथे भाषेला पुष्कळच काम पडते, आणि ते काम ती कसे पार पाडते हे पाहण्यासाठी याहून सोयीचे ठिकाण शोधून सापडणार नाही. या लेखात त्या दृष्टीने काही शब्दांचा व प्रयोगांचा विचार करावयाचा आहे.

प्रथम या वाहनाचे नाव. दोन ठरलेल्या ठिकाणांच्या दरम्यान सतत ये-जा करणाऱ्या गाडीस इंग्रजीत ‘शटल’ म्हणतात. तो शब्द विणकराच्या मागावरून आलेला आहे. ताण्यातून बाणा घेऊन या काठापासून त्या काठापर्यंत धावणारे जे साधन, त्यास मराठीत ‘धोटा’ म्हणतात. कोकणातील हजारो माणसांनी मुंबईच्या गिरण्यांत आयुष्य घालविले. धोटा त्यांच्या हातातला होता. तरीही रेल्वेच्या शटलला ‘धोटा’ म्हणावे असे त्यांपैकी कोणास सुचले नाही. रूपक उसने घेताना भाषा वस्तूच्या ओळखीवर भागवून घेत नाही. तिच्याकडे आधीच एखादा शब्द त्या जागी बसलेला असला तर नवे रूपक बाहेरच राहते. मराठीत ती जागा ‘फेरी’ने व्यापली होती.

‘फेरी’ची हकिकत मोठी मौजेची आहे. ‘फिरणे’, ‘फेर’ या घराण्यातील हा शब्द अस्सल देशी आहे. प्रभातफेरी, फेरीवाला, एस्टीच्या वेळापत्रकातील बसफेरी ही सारी त्याचीच रूपे. इंग्रजीतील ‘फेरी’ म्हणजे तरीची बोट. त्या शब्दाचा उगम वाहून नेणे या अर्थाच्या जुन्या जर्मानिक धातूत आहे. दोघांचे रक्ताचे नाते काहीही नाही. परंतु बंदरावर ‘फेरी बोट’ ही अक्षरे मराठी माणसाने वाचली, तेव्हा ‘फेऱ्या मारणारी बोट’ असा सरळ अर्थ त्याला लागला, आणि तो चुकीचाही नव्हता. आज ‘सकाळच्या फेऱ्या बंद आहेत’ या वाक्यातील ‘फेऱ्या’ कोणत्या भाषेतला, हा प्रश्न विचारण्यातच अर्थ उरलेला नाही. अनेकवचन मराठी, सामान्यरूप मराठी, अर्थ दोन्हीकडचा. दोन अनोळखी शब्द एका उच्चारात येऊन मिळण्याची इतकी निखळ उदाहरणे आपल्याकडे थोडी आहेत.

याच्या शेजारी ‘खेप’ आहे. ‘खेप’ म्हणजे ओझ्यासह केलेली फेरी: पाण्याची खेप, विटांची खेप. हा शब्द संस्कृत ‘क्षेप’शी, म्हणजे फेकण्याशी जोडला जातो. इंग्रजी ‘शटल’चेही मूळ फेकलेल्या बाणाच्या अर्थात आहे. म्हणजे ‘फेरी’चा योग केवळ उच्चाराचा, तर ‘खेप’ आणि ‘शटल’ यांचे साम्य अर्थाच्या मुळाशी. एकात कान फसतो, दुसऱ्यात कानाला काहीच कळत नाही.

जाण्या-येण्याचे मराठी शब्द एकत्र मांडून पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. ओझे असेल तर खेप. नेम असेल तर वारी. पदरी काही न पडता परतावे लागले तर हेलपाटा. तेच कचेरीच्या दारी वारंवार घडले तर खेटे. मनाला चैन नसेल तर येरझारा. चैन असेल तर फेरफटका. कारखान्यात वाट्याला आलेला वेळ म्हणजे पाळी. भाषेने प्रत्येक फेरीला तिच्या फळावरून अथवा हेतूवरून नाव दिले आहे. मात्र रोज सकाळी पोटासाठी दूर जाऊन रात्री घरी परतणे, ज्यात नेमही आहे, ओझेही आहे आणि कधीकधी हेलपाटाही आहे, अशा जाण्यायेण्याला जुन्या मराठीत स्वतंत्र नाव नाही. कारण ती गोष्टच जुनी नाही.

कोकणाला ‘चाकरमानी’ ठाऊक होता. पण चाकरमानी मुंबईत राहतो. गणपतीला आणि शिमग्याला गावी येतो. त्याच्या नावात दूर असणे गृहीत आहे. रोज रात्री गावच्या अंथरुणावर निजणाऱ्यास कोणी चाकरमानी म्हणणार नाही. ही रिकामी जागा रेल्वेच्या दोन शब्दांनी भरून काढली: ‘तो अप-डाउन करतो.’ हा प्रयोग महाराष्ट्रभर चालतो. गंमत अशी की तो अलिबागेतही चालतो, जेथे आजतागायत प्रवासी रेल्वे आलेली नाही. रुळांशिवायच शब्द येऊन पोहोचला. त्याचे व्याकरणही पाहण्यासारखे आहे. क्रियापद म्हणून ‘करणे’ जोडले जाते, आणि नाम म्हणून तो नपुंसकलिंगी होतो: ‘हे अप-डाउन आता झेपत नाही.’ ‘येणेजाणे’, ‘उठणेबसणे’ या क्रियानामांच्या पंक्तीत तो गुपचूप जाऊन बसला आहे. इंग्रजीत अशा प्रवाशाला ‘कम्यूटर’ म्हणतात. त्याचे मूळही तिकिटात आहे. रोजचे भाडे एकरकमी सवलतीत बदलून घेणारा, म्हणजे आपला ‘पासवाला’. दोन्ही भाषांनी माणसाची ओळख त्याच्या खिशातील कागदावरून करून घेतली.

‘प्रवासी’ हा शब्द आज सर्वत्र आहे. पूर्वी वृत्तपत्रांतून व रेल्वेच्या सूचनांतून ‘उतारू’ असे. ‘उतार’ म्हणजे नदी ओलांडण्याजोगी उथळ जागा. उतरणे म्हणजे पाणी पार करणे. पार जाऊ इच्छिणारा तो उतारू. पुढे गाडीतून खाली पाय ठेवणे या अर्थी ‘उतरणे’ रूढ झाले आणि उतारूचे पाणी आटले. मांडव्याच्या जेटीवर उतरणारा मनुष्य मात्र दोन्ही अर्थांनी उतारू असतो.

आता लिंगविचार. ‘बोट’ हा शब्द विद्यार्थ्यांनी अवश्य टिपून ठेवावा. ‘ते बोट’ हाताचे, ‘ती बोट’ पाण्यातली. अनेकवचनी ‘ती बोटे’ आणि ‘त्या बोटी’. उच्चार एक, लेखन एक. अर्थभेदाचा सारा भार लिंगाने उचललेला. इंग्रजीतून घेतलेल्या शब्दाला लिंग कोठून मिळाले? नाव, होडी, गाडी ही पूर्वीची वाहने स्त्रीलिंगी होती. नव्यांनी त्यांचेच लिंग घेतले. बोट, लाँच, बस, लोकल, मेट्रो, रो-रो या सर्व स्त्रीलिंगी झाल्या. ट्रक आणि टँकर हे मालवाहू तेवढे पुल्लिंगी राहिले. माणसांना नेते ती, ओझे वाहतो तो, असा नियम करण्याचा मोह होतो. पण मालगाडी आणि हातगाडी तो तत्काळ मोडून काढतात.

हे लिंग शब्दाला नसून त्यामागे उभ्या असलेल्या अनुच्चारित नामाला आहे, याचा पुरावा एका दुःखद वाक्यात मिळतो. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ आगबोट मुंबईच्या तोंडाशीच बुडाली आणि ६०० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. या किनाऱ्यावर त्या घटनेचा उल्लेख ‘रामदास बुडाली’ असाच होतो. समर्थांचे नाव, पुरुषाचे नाव, आणि क्रियापद स्त्रीलिंगी. तरी ऐकणाऱ्यास क्षणभरही अडखळावे लागत नाही. ‘रामदास बुडाला’ म्हटले असते तर एक माणूस गेला असता. ‘बुडाली’ म्हणताच गावेच्या गावे डोळ्यांपुढे उभी राहतात. एका प्रत्ययाने इतके वाहून न्यावे, याचे दुसरे उदाहरण निदान मला ठाऊक नाही.

या सर्व व्यवस्थेचे भाषिक हृदय शोधावयाचे तर ते ‘लागणे’ या क्रियापदात आहे. संस्कृत ‘लग्’ धातूचा, ‘लग्न’ या रूपाचा हा वंशज; मूळ अर्थ चिकटणे, जोडले जाणे. पुढील वाक्ये पाहावीत:

बोट धक्क्याला लागली.
अलिबाग गाडी लागली आहे.
तिला बोट लागते.
पोहोचायला तास लागतो.
बोटीला लागून गाडी आहे.

पहिल्यात बोट किनाऱ्यास टेकली. दुसऱ्यात बस प्रवाशांना घेण्यासाठी आपल्या जागी उभी राहिली. ज्या जागी उभी राहिली तिचा उच्चारही करावा लागत नाही. तिसऱ्यात त्या बाईला बोटीने मळमळते. पहिल्या व तिसऱ्या वाक्यांची रचना वरवर सारखीच आहे: बोट कर्ता आणि ‘ला’ हा प्रत्यय. परंतु ‘ला’ ज्या नामास लागला आहे ते धक्का असेल तर बोट सुखरूप आली आणि ते बाई असेल तर तिचे हाल झाले. काळाचीही मदत होते: ‘लागली’ ही एक वेळची घटना, ‘लागते’ हा देहस्वभाव. चौथ्या वाक्यात वेळच प्रवासाला चिकटला आहे. आणि पाचवे वाक्य? वाहतूकतज्ज्ञांच्या टिपणांतून ‘एकात्मिक बहुविध वाहतूक’ अशा शब्दांनी जे सांगितले जाते, ते ‘बोटीला लागून गाडी आहे’ या चार शब्दांत मांडव्याचा तिकीटविक्या सांगून मोकळा होतो. त्यात वेळेची सलगता आहे, जागेची सलगता आहे, आणि बोट येईपर्यंत गाडी सुटणार नाही असे न बोललेले आश्वासनही आहे.

ते आश्वासन मोडले तर कोणते क्रियापद येते? ‘चुकणे.’ ‘माझी बोट चुकली.’ व्याकरणाच्या दृष्टीने चुकली ती बोट. मनुष्य षष्ठीत, एका कोपऱ्यात. ‘मला गाडी मिळाली नाही’ यातही मनुष्य चतुर्थीत, घेणाऱ्याच्या जागी. मुंबईच्या मराठीत मात्र ‘मी गाडी पकडली’ असा प्रयोग बळावला आहे. तेथे मनुष्य कर्ता झाला, गाडी त्याची शिकार झाली. तीन-चार मिनिटांनी दुसरी लोकल येणाऱ्या शहरात पकडण्याचा अभिमान परवडतो. जेथे एक बोट गेली की पुढचीसाठी ताटकळावे लागते, तेथे ‘मिळणे’ हेच खरे क्रियापद होय. एकाच माणसाच्या तोंडी, एकाच दिवशी, गेटवेच्या अलीकडे ‘पकडणे’ आणि पलीकडे ‘मिळणे’ येते की काय, हे कोणा पदव्युत्तर विद्यार्थ्याने कान देऊन तपासण्याजोगे आहे.

उच्चाराकडे वळू. राज्य परिवहनाची पहिली बस १ जून १९४८ रोजी पुण्याहून तेव्हाच्या अहमदनगरला गेली, आणि ‘स्टेट ट्रान्स्पोर्ट’च्या दोन आद्याक्षरांतून ‘एस्टी’ जन्मली. लोकांच्या तोंडी ती ‘येष्टी’ वा ‘यष्टी’ झाली. यात अडाणीपणा काही नाही. शब्दारंभीचा ‘ए’ बोलीत ‘ये’ होतो. ‘एक’चा ‘येक’ होतो तसाच. इंग्रजी ‘ट’ला मराठी कान मूर्धन्य ठरवतो, आणि एकदा ‘ट’ मूर्धन्य झाला की त्याच्या शेजारचा ‘स’ही त्याच्याकडे झुकून ‘ष’ होतो. कष्ट, दुष्ट, नष्ट या शब्दांची सवय जिभेला होतीच. पोष्ट, इष्टेट, बेष्ट हे त्याच नियमाने घडले. त्यामुळे मुंबईहून निघालेला मनुष्य बेष्टमधून उतरून यष्टीत बसला, असे म्हटल्यास ते ध्वनिशास्त्राला धरूनच आहे. संस्कृतात ‘यष्टि’ म्हणजे काठी. ‘अंगयष्टी’ आपण सडपातळ बांध्याला म्हणतो. महामंडळाच्या वाहनास हे विशेषण लावण्याचे धाडस कोणी करणार नाही.

या पट्ट्यातील आगरी-कोळी बोलींत ‘ळ’चा ‘ल’ होतो आणि दोन स्वरांमधील ‘ड’चा ‘र’: कोळी तो कोली, होडी ती होरी, गाडी ती गारी. बसमध्ये वाहक प्रमाण मराठीत ‘गाडी’ म्हणतो, मागच्या आसनावरची मासळीवाली ‘गारी’ म्हणते, आणि व्यवहार अडत नाही. परंतु झिराड, चोंढी अशा थांब्यांवर चढणारी शाळकरी मुले वाहकाशी बोलताना ‘गाडी’ आणि आपसांत ‘गारी’ म्हणताना ऐकू येतात. बोली कोठे ठेवून यावयाची, हे त्यांना कोणी शिकविलेले नसते.

बस बोलीचे काय करते, याचे याहून तीव्र उदाहरण याच किनाऱ्यावर दक्षिणेस आहे. मुरुड तालुक्यातील कोर्लई गावच्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीजमूलक मिश्रभाषा बोलली जाते. बोलणारे तिला ‘नो लिंग’, म्हणजे ‘आपली भाषा’ म्हणतात. १७४० साली पोर्तुगीज या भागातून गेले. भाषा मागे राहिली आणि मराठीच्या सहवासात तिने वाक्यरचनाही बदलून क्रियापद अखेरीस नेले. जे. क्लॅन्सी क्लेमंट्स यांचा १९९६ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ या भाषेचा पायाभूत अभ्यास होय. तिच्या टिकण्यामागे धर्म आणि जात यांच्या भिंती होत्या, तशी कुंडलिकेची खाडीही होती. १९८६ साली खाडीवर पूल झाला आणि कोर्लई चौल-रेवदंड्याच्या सडकेला जोडली गेली. बाजार, महाविद्यालय, नोकरी सारे बसच्या अंतरावर आले. ज्या पुलाने तेथील तरुणांना पगार मिळवून दिला, त्यानेच त्यांना दिवसातील बहुतेक वेळ मराठी बोलावयास लावले. ‘पगार’ हा शब्द मराठीने पोर्तुगीजांकडूनच घेतलेला, हा त्यातला आणखी एक योग.

राहता राहिली सरकारी परिभाषा. १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले, १९६२ मध्ये पदनाम कोश निघाला आणि पुढे कंडक्टरचा ‘वाहक’, ड्रायव्हरचा ‘चालक’, डेपोचे ‘आगार’ झाले. हे शब्द पाट्यांवर रुजले, बोलण्यात अर्धेमुर्धे. ‘थांबा’ मात्र पुरता रुजला. त्याचे रूप आज्ञार्थी क्रियापदासारखेच आहे. ‘आगार’ची या जिल्ह्यात वेगळीच अडचण आहे. येथे ‘आगर’ म्हणजे मिठागर किंवा नारळी-पोफळीची वाडी. आगरी समाजाचे नाव त्यावरूनच आले. तो शब्द संस्कृत ‘आकर’चा, आणि ‘आगार’ म्हणजे घर. लेखी एका कान्याचा फरक, बोलण्यात तोही पुसट. अलिबाग आगारात मीठ पिकत नाही, हे सर्वांस ठाऊक असल्यामुळे घोटाळा होत नाही, इतकेच.

घोटाळा होतो तो सूचनाफलकांवर, आणि तेथे प्रश्न केवळ शब्दांच्या आवडीनिवडीचा राहत नाही. गेटवे–मांडवा प्रवासी बोटी साधारणतः जूनपासून ऑगस्टअखेर बंद असतात; त्याच्या आगेमागेही वारा फिरला की एखाद-दुसरा दिवस बंद पडतात. अशा वेळी ‘प्रतिकूल हवामानास्तव जलवाहतूक सेवा तात्पुरती स्थगित’ अशा धर्तीचा फलक लागतो. तो व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. पण रोजंदारीवर पलीकडे जाणाऱ्या, अक्षरओळख बेताची असलेल्या माणसाला त्यातून तीन गोष्टी कळत नाहीत: बोट आज दिवसभर नाही की फक्त आता नाही, भाऊच्या धक्क्याची रो-रो चालू आहे की नाही, आणि अलिबागची जोडगाडी परत केव्हा निघणार. ‘तात्पुरती’ या शब्दात दोन तासही मावतात आणि दोन महिनेही. ही तीन उत्तरे पाटीवर नसली तर तो वाट पाहतो, आणि तेवढ्यात पेण-पनवेलवरून जाणारी यष्टी चुकते. त्या दिवसाची मजुरी बुडते.

या किनाऱ्याच्या बोलण्यात त्या फलकाला पर्याय आहे. वादळाचा इशारा म्हणून बंदरावर जी खूण चढविली जाते, तिला लोक ‘बावटा’ म्हणतात; ‘तीन नंबरचा बावटा लागला’ एवढे ऐकले की समुद्रावर कोणी जाणार नाही हे पोरासोरांनाही कळते. येथेही क्रियापद ‘लागणे’च आहे. तेव्हा फलक लिहिणाऱ्याने ‘बावटा लागला आहे. आज बोट नाही. रो-रो चालू आहे. अलिबाग गाडी दहा वाजता सुटेल’ अशी चार आखूड वाक्ये, त्या त्या दिवसाची खरी वेळ घालून, लिहावीत. ‘स्थगित’, ‘प्रतिकूल’, ‘जलवाहतूक’ हे शब्द सागरी मंडळाच्या पत्रव्यवहारात खुशाल राहोत. तेथे ते वाचण्यास वेळ असतो.